वैजयंतीचा चढ

शिफ्टचं वेळापत्रक लावणाऱ्या बाईला कारखान्यात मैत्रिणी नसतात. ज्याला नाताळात कामाला बोलावलं तो रागावतो, आणि ज्याला बोलावलं नाही तो पुढच्या वर्षीच्या काळजीने आत्तापासून रागावून ठेवतो. ड्रेस्डेनच्या उत्तरेला चिप बनवणारे कारखाने आहेत, त्यातल्या एकात मी गेली एकोणीस वर्षं हे काम करते आहे. लोक माझ्या खोलीत येतात ते दारातूनच तोंड वाकडं करून. मीही आता सवयीने आधीच तोंड वाकडं करून बसते, म्हणजे दोघांचाही वेळ वाचतो.

वैजयंती चौगुले पहिल्यांदा आली ती मात्र दार लावून समोरच्या खुर्चीत नीट बसली. बुटकी, रुंद खांद्यांची, केसांचा घट्ट अंबाडा. जानेवारी होता आणि तिचं नाक उन्हाने सोललेलं होतं, तेच मला आधी दिसलं.

"ताई, तुमच्याकडे कुणालाच नको असलेली शिफ्ट असेल ना, ती मला देत जा," ती म्हणाली. "बदल्यात मला फक्त मंगळवार-गुरुवारची दुपार मोकळी पाहिजे."

"कशाला?"

"कॉलेज आहे."

तेव्हा ती सदतिसाची होती. मला वाटलं मुलीच्या कॉलेजबद्दल बोलते आहे. मुलगी सहा वर्षांची होती.

ती मूळची इचलकरंजीची. वडील मागावर जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. घरासमोर दिवसरात्र मागांचा खडखडाट. "आमच्यात बारशालासुद्धा शिफ्ट बघून लोक यायचे," असं ती सांगायची. तिथल्या पॉलिटेक्निकमधून तिने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, लग्न झालं, आणि नवऱ्याला, सुहासला, ड्रेस्डेनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली म्हणून त्याच्या मागोमाग इथे आली. अशा बायका इथे पुष्कळ. बऱ्याच जणी जर्मन शिकायला सुरुवात करतात, मग मूल होतं, मग पहिली पातळी पुन्हा पहिल्यापासून. वैजयंतीने मूल पोटात असतानाच चौथी पातळी संपवली आणि ते वर्षाचं झाल्यावर आमच्याकडे मशीन चालवायला लागली.

मशीन चालवायला म्हणजे मशीन चालवायलाच. बिघाड झाला तर तिला तो आवाजावरून कळायचा. पण दुरुस्त झालेलं मशीन पुन्हा चालू करायला इंजिनियरची सही लागते, आणि ती नव्हती इंजिनियर. पुण्या-मुंबईहून मास्टर्स करायला आलेली मुलं वर्षभरात आमच्याकडे इंजिनियर म्हणून लागायची. वैजयंती त्यांना सांगायची कुठला पंप गेलाय, मुलं माना डोलवायची, आणि सही मुलं करायची. याचा तिला राग होता असं मी म्हणणार नाही. ती एवढंच म्हणाली होती, "ताई, मला एकदा सही करायची आहे." इथे नोकरीची वर्षं दाखवून विद्यापीठात प्रवेश मिळतो. तो तिने घेतला. बारा-बारा तासांच्या शिफ्टा, दोन दिवसाच्या, दोन रात्रीच्या, मग चार दिवस सुट्टी, आणि त्या सुट्टीत पदवीचं शिक्षण. एवढं कमी होतं म्हणून की काय, हिवाळ्यात स्की.

मला बर्फाचं प्रेम नाही. पुण्यात वाढलेल्या माणसाने बर्फ सरबतात बघावा, फार तर माशांच्या टोपलीत. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी मी घसरून मनगट मोडून घेतलं, तेव्हापासून नोव्हेंबर ते मार्च मी घर ते ट्राम आणि ट्राम ते कारखाना एवढीच चालते. त्यामुळे ही बाई सुट्टीच्या दिवशी पहाटेच्या पहिल्या गाडीने, हाइडेनाउला गाडी बदलून, नदीकाठच्या त्या अरुंद खोऱ्यातून अल्टेनबर्गला जाते, तिथून पायाला स्की बांधून काहलेबर्गचा डोंगर चढते आणि घसरत खाली येते, हे ऐकून मी तिला आधी विचारलं की, तिथे लिफ्ट आहेत ना?

"आहेत की. पण लिफ्ट नऊला सुरू होते. नऊला मला परतीच्या गाडीत बसायचं असतं."

हा तिचा सगळा हिशेब. एका निवृत्त होणाऱ्या सहकारी बाईंनी जाताना आपल्या जुन्या स्की तिला देऊन टाकल्या होत्या. डोंगर चढायच्या स्की, ज्यात चालताना टाच उचलता येते. तळाला एका बाजूने गोंद असलेल्या केसाळ पट्ट्या चिकटवायच्या. केस मागच्या बाजूला झुकलेले असतात, त्यामुळे पाऊल पुढे सरकतं पण मागे घसरत नाही. वर पोचल्यावर पट्ट्या काढून दप्तरात टाकायच्या आणि उतरायचं. तयार केलेल्या घसरगुंडीवर नाही, जंगलातून, जिथे कुणी गेलेलं नाही तिथून. आल्प्सवाले आमच्या या डोंगराला हसतील एवढाच तो आहे, पण वैजयंतीला आल्प्सला जायला वेळ कुठे होता. जे एका सकाळीत बसेल ते तिचं. "बसतंय की," हे तिचं उत्तर प्रत्येक गोष्टीला. शिफ्ट संपवून पेपर, पेपर संपवून मुलीची पालकसभा, तिथून भाजी. बसतंय की.

चढायची ती भन्नाट, हे मला तिच्या तोंडून नाही, तर डोंगरावर तिला एकदा भेटलेल्या आमच्याच एका फोरमनकडून कळलं. तो म्हणाला, मी चाळीस वर्षं डोंगरात जातो, पण ही बाई माझ्या पुढून शिवणाच्या मशीनसारखी टकटक निघून गेली. उतरण्याबद्दल त्याने काही सांगितलं नाही. ते तिनेच सांगितलं. "उतरताना मी पोत्यासारखी येते, ताई. लोक बाजूला होतात."

आमच्या कारखान्यात आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवावा लागतो. तोंडाला मास्क, हाताला मोजे, फक्त डोळे दिसतात. पावडर, काजळ, टिकली सगळं बाहेर पुसून जायचं, कारण धुळीचा एक कणसुद्धा आत चालत नाही. साधा कागदही चालत नाही, त्याचे तंतू उडतात. आतला कागद वेगळा, निळसर, प्लास्टिकसारखा. वैजयंतीने याच कागदावर अभ्यास केला. मशीनचं एक चक्र पुरं व्हायला बावीस मिनिटं लागतात, त्यात सही करणारा येईपर्यंत आणखी थोडी. तेवढ्यात ती एका निळ्या चिठ्ठीवर एखादं सूत्र, एखादी सिद्धता उतरून काढायची. त्या चिठ्ठ्या बाहेर आल्या की प्लास्टिकच्या पाकिटात जायच्या, पाकीट गळ्यात, आणि दुसऱ्या दिवशी डोंगर चढताना तेच पाठ. एका चढाला एक सिद्धता. मी एकदा विचारलं, चढताना वाचता कसं येतं? म्हणाली, "वाचायचं खाली. वर जाईपर्यंत आठवायचं. अडकलं की थांबायचं आणि पाकीट बघायचं. थांबलं की थंडी वाजते, मग आपोआप अडकायचं कमी होतं."

आता ही गोष्ट ऐकायला छान वाटते. जिने केली तिच्या डोळ्यांखाली बोट बुडेल एवढे खड्डे होते. ट्राममध्ये ती उभ्याने झोपायची. दांड्याला हात, हातावर कपाळ, आणि आपला थांबा आला की डोळे न उघडता उतरायची. कधी घरी फोन केला तर ईरा, तिची मुलगी, फोन उचलून जर्मनमध्ये सांगायची की आई झोपली आहे किंवा आई झोपणार आहे. तिसरं काही मी ऐकलं नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाची आठवण इथल्या मराठी मंडळातल्या बायका अजून काढतात. दुपारी चारचं बोलावणं होतं. सगळ्या काळ्या साड्या नेसून हलव्याचे दागिने वगैरे घालून बसलेल्या, आणि साडेचारला वैजयंती आली ती स्कीचे बूट घालून. ते बूट म्हणजे पायात दोन बादल्या. दारात काढायला गेली तर निघेनात, घाम थिजून बसले होते. शेवटी यजमानीण आणि तिचा नवरा अशा दोघांनी दोन बाजूंनी ओढले. काळी साडी होती, पण दप्तरात. ती न्हाणीघरात जाऊन नेसून आली, केसातून बर्फाचं पाणी गळत होतं. कुंकू लावून घेतलं, तिळगूळ घेतला, आणि स्वतःचं वाण वाटलं. प्रत्येकीला एकेक छोटी पुडी, दाबली की गरम होते आणि हातमोज्यात ठेवायची ती. काही बायकांनी नाकं मुरडली, पण त्या थंडीत परत जाताना ट्रामच्या थांब्यावर सगळ्यांच्या मुठी बंद होत्या हे मी पाहिलं आहे. ती स्वतः पाचलाच उठली. सहाला शिफ्ट होती. दारात उभी राहून तिने रुमालाने कपाळावरचं कुंकू नीट पुसलं, आत धूळ चालत नाही म्हणून. एक सासुरवाशीण नवीन आलेली होती, ती दचकली. वैजयंती तिला म्हणाली, "अगं, लावलं ते लागलं. पुसलं तरी ते मोजलं जातं."

तिच्या सासूबाई तीन महिने राहायला आल्या होत्या, तेव्हाचीही गोष्ट आहे. पट्ट्या ओल्या झाल्या की वाळवाव्या लागतात, म्हणून ती त्या स्वयंपाकघरातल्या हीटरच्या वर दोरीला टांगायची. देव्हारा त्याच भिंतीला. सासूबाईंनी दोन दिवस त्यांच्याकडे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "वैजू, हे कशाचे केस गं?" हिने खरं सांगितलं, "बकरीचे." सून कष्टाळू आहे, तिला दुखवायचं नाही, एवढं त्यांना कळत होतं. सून शिफ्टला गेल्यावर त्यांनी त्या पट्ट्या गरम पाण्यात, भरपूर पावडर घालून, ब्रशने दोन्ही बाजूंनी घासून धुतल्या आणि बाल्कनीत नीट चिमटे लावून वाळत घातल्या. एका बाजूचा चिकट मळ निघता निघेना, पण त्यांनी काढला.

तो मळ म्हणजे गोंद. दोन दिवसांनी निम्म्या डोंगरावर पट्ट्या सुटून पडल्या आणि वैजयंती गुडघाभर बर्फातून स्की खांद्यावर घेऊन दोन तास चालत खाली आली. त्या दिवशीचं लेक्चर बुडालं. घरी आली तर सासूबाई वाटच बघत होत्या. ती म्हणाली, "अहो आई, किती स्वच्छ झालंय." मला हे सांगताना मात्र तिचे डोळे भरून आले. "रागवायला लागतं तेवढं अंगात राहिलं नव्हतं, ताई," ती म्हणाली. मग तिने नव्या गोंदाची ट्यूब आणली आणि ओट्यावर बसून पट्ट्यांना गोंद लावत पुढच्या परीक्षेचा अभ्यास केला.

ती परीक्षा गणिताची, दुसऱ्या भागाची. पदवीतले बाकी सगळे विषय तिने एकेक करून पार केले होते, वर्षं जास्त लागली तरी. हा एकच राहिला. इथला नियम असा की एका विषयाला तीन संधी. तिसऱ्यांदा नापास झालं तर नाव कमी होतं, आणि तो अभ्यासक्रम मग देशातल्या दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठात करता येत नाही. पहिल्या वेळी ती नापास झाली, ते समजण्यासारखं होतं. आख्खं पहिलं प्रकरण तिने कॉलेज सोडल्यानंतर वीस वर्षांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या वेळी तिने जे केलं ते फक्त आपलंच माणूस करू शकतं. परीक्षेच्या दिवशी तिला एकशेतीन ताप होता. जर्मन पोरगी सरळ डॉक्टरकडे गेली असती, अटेस्ट, म्हणजे आजारपणाचा दाखला, घेतलं असतं, विद्यापीठाला पाठवलं असतं, आणि ती संधी मोजलीच गेली नसती. पुढच्या सत्रात पुन्हा दुसरीच. हे वैजयंतीला माहीत होतं. पण माहीत असणं आणि अंगात असणं वेगळं. परीक्षेला आजारी म्हणून न जाणं तिच्या घरात बसत नव्हतं. दहावीला तिचे वडील तिला गोवर असताना सायकलवर बसवून केंद्रावर घेऊन गेले होते, आणि ती सगळ्यात पहिली आली होती. म्हणून ती क्रोसीन खाऊन गेली, थरथरत तीन तास बसली आणि नापास झाली. मला हे कळलं तेव्हा मी तिच्यावर ओरडले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "घरी बसून काय केलं असतं? झोपले असते." जसं काही झोपणं हा गुन्हाच.

तर उरली तिसरी संधी, गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत. आणि नेमका तोच हिवाळा बर्फाचा. डिसेंबरात पडलं ते वितळलंच नाही, त्यावर पडत राहिलं. आमच्या जेवणाच्या खोलीत एक जण फोनवर डोंगरावरचा कॅमेरा लावून ठेवायचा, त्यात अल्टेनबर्गचं स्टेशन छपरापर्यंत पांढरं. वैजयंती चहा पिताना त्या फोनकडे बघायची ते मी बघत होते. भुकेलं माणूस बघतं तसं.

मंडळातल्या बायकांनी माझ्यामागे लकडा लावला. तुमचं ऐकते ती, तिला सांगा, परीक्षा होईपर्यंत ते घसरणं बंद कर म्हणावं. सुहासही आला. गरीब माणूस आहे, मोठ्याने बोलत नाही. त्याला डुसेलडॉर्फला चांगली जागा मिळत होती, कंपनी वर्षभर विचारत होती, आणि तो हिच्या पदवीसाठी थांबून राहिला होता. म्हणाला, "ताई, मी तिला काही म्हणत नाही. पण एवढी परीक्षा झाली की सुटलो आम्ही."

मग मी सांगितलं. तिने लगेच ऐकलं, स्की तळघरात नेऊन ठेवल्या. दहा दिवस गेली नाही. त्या दहा दिवसांत तिची मशीनवर दोनदा चूक झाली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि निळी चिठ्ठी हातात धरून ती शून्यात बघत बसलेली मी काचेतून पाहिली. अकराव्या दिवशी माझ्या खोलीत येऊन दार लावून बसली. "ताई, मी बसून अभ्यास करू शकत नाही. बसलं की झोप येते. सगळीकडे येते. फक्त चढताना येत नाही." मी म्हटलं, जा बाई. तिने दुसऱ्या दिवशी स्की वर आणल्या. हे लिहिताना मला वाटतं की तिची एक गोष्ट तरी मला त्या वेळी नीट कळली होती.

परीक्षा सोमवारी होती. त्याच्या आधीच्या बुधवारी दुपारी दोन वाजता माझ्याकडे दोन आजारपणाचे फोन आले, एका पाठोपाठ एक. फ्ल्यूची साथ होती. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, दिवसाची शिफ्ट, एक मशीन, आणि ते मशीन चालवता येणारं कुणी नाही. वरून दर दहा मिनिटांनी विचारणा, झालं का? मी दमले होते. त्या आठवड्यात मी स्वतः कधी वेळेवर घरी गेले नव्हते. मी वैजयंतीला फोन लावला.

ती डोंगरावर होती. फोनमध्ये वारा ऐकू येत होता, आणि तिचा श्वास.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"तीन. मला माहितीये सोमवारी तुझं..."

मग ती म्हणाली, "बसतंय की."

मी आभार मानले, नाव लिहिलं आणि फोन ठेवला. वेळेवर घरी गेले.

सोमवारी तिने परीक्षा दिली. निकाल पाच आठवड्यांनी लागला. विद्यापीठाचं पत्र आलं, त्यात "अंतिमतः अनुत्तीर्ण" अशा अर्थाचे ते दोन-तीन शब्द असतात, बाकी पत्र नियमांच्या क्रमांकांनी भरलेलं. तिने ते कुणाला दाखवलं नाही. मला कळलं ते असं की पुढच्या सत्राच्या मंगळवार-गुरुवारचं विचारायला मी तिला बोलावलं, तर ती म्हणाली, "आता कुठलीही दुपार चालेल, ताई."

पेपर बघायला मिळतो, तो बघायला ती गेली होती. शेवटचं गणित अर्धं सोडवलेलं होतं. रीत बरोबर होती. "अर्ध्यात मी झोपले," तिने मला सांगितलं. "खरंच झोपले, ताई. डोकं बाकावर ठेवून. त्या देखरेख करणाऱ्या बाईंनी खांद्याला हात लावून उठवलं तेव्हा वेळ संपली होती. त्या इतक्या हळू आवाजात बोलल्या, मला वाटलं ट्राममध्ये आहे आणि माझा थांबा आला." हे सांगून ती थोडी हसली. मी हसले नाही. ती शिफ्टवर गेली, आणि त्या दिवशी एका नव्या इंजिनियरला पंप कुठला गेलाय ते सांगितलं, आणि त्याने सही केली.

सुहासने डुसेलडॉर्फला होकार कळवून टाकला. जूनमध्ये जायचं ठरलं. सपाट गाव, नदी मोठी, डोंगर नाही. मंडळाने निरोपाचं जेवण ठेवलं, त्यात सगळ्यांनी तिचं कौतुक केलं आणि पुन्हा प्रयत्न कर म्हणून सांगितलं. तो करता येत नाही हे अर्ध्या लोकांना माहीत नव्हतं. तिने सगळ्यांना हो म्हटलं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी तिने मला वर नेलं. गेली सहा वर्षं बोलावत होती आणि सहा वर्षं मी मनगट दाखवत होते. या वेळी नाही म्हणवेना. मी गाडी चालवली, ती शेजारी बसली आणि हाइडेनाउच्या आधीच झोपली. वर अजून कमरेएवढा बर्फ होता, पण ऊन होतं, आणि फरच्या झाडांवरून धपाधप गोळे पडत होते. माझ्यासाठी तिने बुटांना बांधायचे काटे आणले होते. मी पाऊणएक तास चालले असेन. तेवढ्यात माझा जीव गेला. रस्त्याच्या कडेला एक बाक अर्धा उकरलेला होता, त्यावर तिने मला बसवलं, थर्मासमधला चहा दिला, स्वतःचं जाकीट काढून माझ्या गुडघ्यांवर घातलं. डोंगराचं टोक तिथून दिसत होतं. शेवटचा चढ उघडा आहे, झाडं नाहीत.

"तुम्ही बसा. मी जाऊन येते," ती म्हणाली आणि खाली वाकून पट्ट्या नीट दाबून बसवायला लागली.

मला तिचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच बहुतेक मला ते बोलता आलं. पाच आठवडे आणि त्यावर आणखी काही दिवस मी ते बोलायचं टाळत होते. मी म्हटलं, "वैजयंती, त्या आठवड्यात मी तुला विचारायला नको होतं."

तिने मान वर केली नाही. दुसरी पट्टी दाबत म्हणाली, "मग कुणाला विचारणार होतात?"

टोमणा नव्हता. मी टोमणे एकोणीस वर्षं ऐकते आहे, मला कळतात. तिला खरंच उत्तर हवं होतं. उभी राहिली, काठ्या हातात घेतल्या आणि माझ्याकडे बघत थांबली. ज्या बाईला थांबायला कधी वेळ नव्हता ती थांबली.

त्या बुधवारी माझ्या समोर पडद्यावर यादी होती. ते मशीन चालवता येणारं कुणी नाही, असं मी वर लिहिलं आहे. ते खरं नाही. यादीत तिच्याखेरीज अकरा जण होते. काही सुट्टीवर होते, काही कटकट करणारे होते, दोघातिघांना गळ घालावी लागली असती, एखाद्याने हो म्हटलंही असतं. मी एकालाही फोन केला नव्हता. मी फक्त तिला केला, कारण ती हो म्हणणार होती आणि मला घरी जायचं होतं.

"कुणीच नव्हतं गं," मी म्हटलं.

"तेच की," ती म्हणाली. तिचे खांदे थोडे खाली आले, खूप वेळ उचललेलं काही ठेवल्यासारखे. "मला वाटलंच होतं."

मग ती वळून चढायला लागली. मी तिचं जाकीट गुडघ्यांवर धरून बसले होते. आता तिला खाली कुठली गाडी गाठायची नव्हती, वर्ग नव्हता, सोमवारची शिफ्टसुद्धा मी काढून टाकली होती. तरी ती त्याच वेगाने जात होती, एका पावलाचं अंतर चुकू न देता, मध्ये कुठेही न थांबता. मी तिला हाक मारायला तोंड उघडलं. ती बरीच वर गेली होती. मी हाक मारली नाही.